चौदा किलो

"कपाटाला नको लावूस गं ताई, रंग निघेल."

"निघू दे रंग. तुझी चरबी निघायला हवी, रंगाचं काय घेऊन बसलीस?"

असं म्हणत थोरलीने वाटीतली मैद्याची खळ बोटांनी कागदाला फासली आणि धाकटीच्या स्वयंपाकघरातल्या कपाटावर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, तो कागद थापटून थापटून बसवला. नुसते चार कोपरे नव्हेत, अख्खा कागद. थोरलीचं कुठलंही काम अर्धवट नसायचं. टोमणासुद्धा ती पुरता मारायची.

कागद हॉस्पिटलातून मिळाला होता आणि पाठपोट छापलेला होता. पुढे काय खायचं, किती खायचं ते. मागे बारीक अक्षरांत आणखी काहीबाही.

"अगं, मागे पण लिहिलेलं होतं ना?" धाकटी म्हणाली.

"औषधांचं आहे ते. तुला काय करायचंय? घोड्यासारखी धडधाकट आहेस. तुझा आजार एकच, आणि तो तोंडात आहे. दर रविवारी वजन लिहायचं इथे. मी येऊन बघणार आहे, ढमे."

"पोलीस घेऊन ये."

"वेळ आली तर तेही करीन."

आता यातली गंमत अशी, की थोरलीच्या दोन्ही किडन्या वर्षभरापूर्वी कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, तिला मशीनला जोडून रक्त धुऊन घ्यावं लागे. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याला मधुमेह, त्याची किडनी डॉक्टरांनी बघायच्या आधीच बाद केली. जुळली ती नेमकी धाकटीची. तपासण्या सगळ्या उत्तम. फक्त वजन शहाऐंशी. "बहात्तरवर या," डॉक्टर म्हणाले, "मग ऑपरेशन करू." चौदा किलो, साडेतीन महिने.

आणि ही थोरली कोण, तर जन्मभर धाकटीच्या खाण्यावर पाळत ठेवणारी. लहानपणी शेजारी बसून घास मोजायची. धाकटीच्या लग्नात फोटो काढणाऱ्याला म्हणाली, "जरा मागे सरका, नाहीतर नवरा फोटोत मावायचा नाही." हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती, ती धाकटीच्या घरी. हगणंमुतणं काढलं ते धाकटीने. थोरली महिन्यातून एकदा यायची, पिशवीभर फळं आणायची आणि पिशवीभर चुका काढून जायची. शेवटी आई गेली, माणसं जमली, आणि सगळ्यांच्या देखत ही बया काय बोलली? "आईच्या ताटातलंही हिनेच खाल्लं. बघा की, अंगावर दिसतंय."

त्या दिवसापासून सहा वर्षं दोघींत शब्द नव्हता. थोरली स्वतः मागायला आली नाहीच. तिचा नवरा आला, दारात उभा राहून रडला. धाकटीला रडणारे पुरुष बघवत नसत. "या भावजी, आत या," म्हणाली, आणि चहा ठेवता ठेवता हो म्हणून बसली.

मात्र ती प्रेमाने देतेय असा कोणाचा समज होऊ नये, याची तिने पुरेपूर काळजी घेतली. नवऱ्याला सांगितलं, कामावर सांगितलं, हॉस्पिटलात प्रश्न विचारायला बसवलेल्या बाईंनाही सांगितलं. बाईंनी मऊ आवाजात विचारलं, "तुमच्यावर कोणाचा दबाव तर नाही ना?"

"दबाव कसला? एकदा माझी किडनी तिच्या पोटात गेली ना बाई, की माझ्यासमोर तोंड वर करून बोलायची तिची सोय संपली. त्यासाठी द्यायचीय मला."

बाईंनी वहीत काय लिहून घेतलं ते त्यांचं त्यांना माहीत.

धाकटी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. दुपारची तीनशे ताटं. पहाटे सहाला चुली पेटायच्या, आणि माणसाला उपाशी राहायचं असेल तर याच्याइतकी वाईट जागा शोधून सापडणार नाही. परातभर कांदा तेलात पडला की तो वास भिंतींना चिकटतो, केसांत शिरतो, धाकटीच्या तर डोळ्यांत पाणी आणायचा, आणि ते कांद्याचं पाणी नव्हतं. त्यातून कॅन्टीनचा नियम असा, की मुख्य स्वयंपाकिणीने चव घेतल्याखेरीज एकही पातेलं बाहेर जायचं नाही. वीस वर्षं तिने तो नियम आनंदाने पाळला होता. आता ती चमचा तोंडात घ्यायची, जिभेवर फिरवायची आणि मोरीत थुंकून द्यायची.

"अगं, आडोशाला थुंक," तिच्या हाताखालची चष्मेवाली म्हणायची. "बाहेरून कोणी बघितलं तर म्हणेल, मी विष कालवलंय."

"तू कालवतेसच की. मीठ कुठाय यात?"

भूक दिवसा एकवेळ सोसते. दिवसा हाताला काम असतं, तोंडाला भांडण असतं. रात्री काही नसतं. उकडलेलं अंडं, काकडी आणि तळव्याएवढा पावाचा तुकडा खाऊन धाकटी नऊला आडवी व्हायची. अकरापर्यंत पोटात कावळे कोकलायचे. मग ते दमून गप्प बसायचे, आणि त्यांच्या जागी नुसता रिकामेपणा यायचा. तो कावळ्यांपेक्षा वाईट. अंग थकून चिंध्या झालेलं, डोळे मिटलेले, आणि डोकं मात्र टक्क जागं. शेजारी नवरा बसचा ड्रायव्हर, तो झोपेतही गिअर बदलत असल्यासारखा घोरायचा. भरल्या पोटाने घोरणाऱ्या माणसाबद्दल धाकटीला त्या दिवसांत जे वाटायचं, ते लिहिण्याजोगं नाही.

आणि रात्री दोनला फोन वाजायचा.

"झोपलीस का गं?"

"झोपले असते तर फोन कोणी उचलला असता? माझ्या भुताने?"

"मला खाज सुटलीय. पाय ओढतात. झोप म्हणून नाही."

"मग मी काय करू? येऊन खाजवू?"

"रात्री काय खाल्लंस?"

धाकटी पाढा म्हणावा तसं सांगायची. थोरली प्रत्येक वस्तूवर उलटतपासणी घ्यायची. अंडं केवढं होतं? पावाला काही लावलंस? मग थोरलीचा पाढा सुरू व्हायचा. तिला तर पाणीसुद्धा पेल्याने मोजून होतं. मीठ बंद, केळं बंद, टोमॅटो बंद, बटाटा दोनदा उकळून पाणी फेकल्याशिवाय बंद. "ढमे, तुला निदान तहान लागली तर पिता येतं," असं ती म्हणायची, आणि धाकटी म्हणायची, "हो, पाण्यानेच जाडी झालेय मी." मग आईवरून जुंपायची. आईची औषधं कोणी चुकवली, आईच्या बांगड्या कोणाकडे गेल्या, आई शेवटी कोणाचं नाव घेत होती. सहा वर्षं तोंड न बघितलेल्या बहिणी आता रोज रात्री दोनला नेमाने भांडत होत्या. कधी चुकून फोन आला नाही, तर धाकटी अडीचपर्यंत वाट बघून स्वतः करायची. "मेलीस की काय?" एवढंच विचारायची.

पहिल्या महिन्यात पाच किलो उतरलं, पण डोकं फुटायला लागलं. पहाटे चारला उजव्या भुवईवर ठोके सुरू व्हायचे, ते दुपारी पातेली घासून होईपर्यंत. हॉस्पिटलातल्या नर्सने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "झोपेच्या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत." धाकटीने घेतल्या नाहीत. शब्दाची पक्की होती ती. एकदा एका पातेल्यात दोनदा मीठ पडलं, तीनशे माणसांनी ताटं आपटली, मॅनेजर आत येऊन सगळ्यांसमोर वाटेल ते बोलला, तरी झोपेची गोळी तिने घेतली नाही.

त्या दिवशी चष्मेवालीने भिंतीवरच्या प्रथमोपचाराच्या पेटीतून दुखण्याची गोळी काढून दिली. "घे गं. पेपरमिंट समज. इथे पाठ धरली, हात भाजला, की सगळ्याजणी हेच खातात."

गोळीने ठोके थांबले. ठोके थांबले तसा दुपारी बाकावर पंधरा मिनिटं डोळा लागला. पंधरा मिनिटं! धाकटीला कोणीतरी पगारवाढ दिल्यासारखं झालं. त्या रात्री तिने आणखी एक घेतली आणि एक ते दोन अशी तासभर झोपली. मग ते रोजचंच झालं. सकाळी दोन, दुपारी एक, रात्री दोन. पेटी दर सोमवारी भरली जायची, फुकट होती, कामाच्या जागची होती. दवाखान्यातून आणतात ते औषध. हे काय औषध म्हणायचं? नर्सने मध्ये एकदा विचारलंही, "काही औषधं चालू आहेत का?" धाकटी बेधडक म्हणाली, "छे. मी आणि औषध?" त्यात एक अक्षरही तिला खोटं वाटलं नाही. शिवाय वजनाच्या आदल्या दिवशी ती पाणी तोडायची. तेवढाच अर्धा किलो कमी भरायचा.

रविवारी थोरली यायची, धापा टाकत जिना चढायची, कपाटासमोर उभी राहून आकडे वाचायची. एकोणऐंशी. सत्त्याहत्तर. पंचाहत्तर.

"गळा सैल पडलाय तुझा," ती एकदा म्हणाली. "म्हातारी दिसायला लागलीस."

"जाडी होते तेव्हा जाडी. आता म्हातारी. तुझ्या मनासारखं व्हायला माणसाने मरायलाच हवं बहुतेक."

"मरू नकोस. आधी किडनी दे, मग मर."

दोघीही हसल्या नाहीत. पण त्या दिवशी थोरली तासभर जास्त बसली, आणि जाताना तिने धाकटीच्या ढगळ झालेल्या दोन झग्यांना शिवणी घालून दिल्या. घालता घालता म्हणत होतीच, "कापड बघ केवढं उरलं, यात एक अख्खं माणूस शिवून होईल."

शंभराव्या दिवशी काटा एकाहत्तर पूर्णांक आठवर थांबला. नर्सने टाळ्या वाजवल्या. धाकटीला गहिवरून आलं आणि त्याचाच राग आला. कारण बाहेर पडताना तिच्या मनात आलं ते थोरलीचं तोंड बंद होणार हे नव्हतं. तिच्या मनात आलं, की ताई आता तांब्याभर पाणी एका दमात पिईल. तिने हे कोणालाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं तोंडच ठेवलं नव्हतं तिने.

शेवटच्या तपासण्या झाल्या आणि चार दिवसांनी डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावलं. समोर दोन कागद ठेवले होते, साडेतीन महिन्यांपूर्वीचा आणि आताचा.

"गोळ्या घेत होतात कसल्या?"

"झोपेच्या? नाही हो. एकही नाही."

"दुखण्याच्या?"

"त्या… त्या पेटीतल्या. रोज चार-पाच."

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, चिडक्या माणसाशी कसं वागायचं ते तिला जन्मापासून ठाऊक होतं. ते नुसते म्हणाले, "तुमच्या किडनीचं काम बरंच उतरलंय. गोळ्या, उपास आणि पाणी कमी. थोडं भरून येईलही. पण आम्ही असा दाता घेत नाही, पुढे घेणारही नाही. या दोन्ही आता तुम्हालाच लागणार आहेत. कागदाच्या मागे स्पष्ट छापलं होतं बाई. पहिलीच ओळ."

घरी आल्यावर धाकटीने चपलाही काढल्या नाहीत. उलथणं घेतलं आणि कपाटावरचा कागद खरवडायला लागली. खळ कसली होती, दगड! रंगासकट पोपडे निघाले. एक तळहाताएवढा तुकडा शाबूत निघाला, त्यावर पाठीमागचं छापील दिसत होतं. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. तिने तो तुकडा ओल्या फडक्याने पुसला, वाळवला आणि पर्समध्ये ठेवला. तिच्या उभ्या आयुष्यात थोरलीच्या तोंडावर मारायला इतका चोख पुरावा हाती लागला नव्हता. नऊ वर्षांच्या सेवेचा, आईच्या ताटाचा, ढमे-ढमे म्हणून हिणवल्याचा, सगळ्याचा एकदम वचपा निघणार होता. तुझ्या हाताने चिकटवलास, ताई. मी विचारलं होतं, मागे काय आहे.

दोन रात्री दोनला फोन वाजला नाही. धाकटीकडून ऐकून भावजींनी थोरलीला सगळं सांगितलं होतं, गोळ्यांचंही. धाकटीने मनाशी ताडलं, भडकली असेल. भडकू दे. ती स्वतःही फोन न करता छताकडे बघत पडून राहिली. पोटभर जेवली होती, तरी झोप आली नाही.

तिसऱ्या दिवशी थोरलीची मशीनची पाळी होती. धाकटी गेली. लांबलचक खोली, ओळीने खाटा, प्रत्येकीशेजारी घूं घूं करणारं मशीन. थोरलीच्या हातातून रक्ताच्या दोन नळ्या निघालेल्या. धाकटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली, आणि चेन अर्धी उघडली.

थोरली तिच्याकडे बघत नव्हती. तिचा चेहरा मातकट झाला होता. डोळ्यांखाली दोन रात्रींचं जागरण, आणि ते खाजेचं नव्हतं. धाकटीला तिच्या जागरणांची आता चांगली पारख झाली होती.

"ढमे," थोरली खालच्या आवाजात म्हणाली. तो आवाज धाकटीने कधी ऐकलाच नव्हता. "तो कागद. त्याच्या मागे होतं ना ते? गोळ्यांचं?"

धाकटीची बोटं पर्समधल्या तुकड्याला लागली.

"मीच चिकटवला ना गं?"

बाई घाबरली होती. मरायला नव्हे, मरणाशी तिचं वर्षभर भांडण चाललेलं होतं आणि त्यात ती कोणाला हार जाणारी नव्हती. ती घाबरली होती या एका हो-ला. उरलेले दिवस, मशीनखालचे सगळे तास, तिला त्या एका हो-बरोबर काढायचे होते. आणि तो हो धाकटीच्या पर्समध्ये होता, पुसून वाळवून ठेवलेला.

धाकटीने चेन लावून टाकली.

"वाचलं होतं मी ते," ती म्हणाली.

"काय?"

"तू गेलीस तेव्हा कागद ओलाच होता. सोडवला, वाचला आणि परत लावला. तुझ्यावर भरवसा ठेवून कोण बसतंय?"

"वाचलंस? आणि तरी खाल्ल्यास?"

"झोप येत नव्हती मला. तुला किडनी हवी होती, मला झोप हवी होती. मी माझं बघितलं."

थोरलीच्या मातकट चेहऱ्यावर हळूहळू रंग चढला. तिने उशीवरून मान उचलली.

"मला माहीत होतं!" ती म्हणाली, आणि खोलीतल्या बाकीच्या खाटांनी वळून बघितलं. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला! द्यायचीच नव्हती तुला. सगळ्या गावाला सांगत फिरत होतीस, प्रेमाने देत नाही म्हणून. दगड आहेस तू दगड. आपली झोप, आपलं पोट, दुसरं काही दिसलंच नाही कधी तुला!"

नर्स धावत आली. तिने थोरलीच्या दंडावरचा पट्टा फुगवला, आकडा बघितला, पुन्हा बघितला. "कमाल आहे. दुसऱ्या तासाला रोज यांचं बीपी पडतं, पाय वर करून ठेवावे लागतात. आज छान आहे की." मग धाकटीकडे बघून म्हणाली, "पण तुम्ही बाहेर बसा हवं तर. पेशंट चिडताहेत."

"कुठे जात नाही ती!" थोरली कडाडली. "इथेच बसव तिला. ऐकू दे."

"बसलेय," धाकटी म्हणाली.

तिने खुर्ची भिंतीला सरकवली आणि डोकं टेकलं. भिंत गार होती. थोरलीने बोटं मोजत सुरुवात केली होती, पार शाळेपासून. शाळेत कोणाचा डबा खाल्लास, लग्नात काय मागून घेतलंस, आईच्या बांगड्या. धाकटीच्या पापण्या जड झाल्या. तिला वाटलं, जरा उत्तर द्यावं, नाहीतर हिला संशय यायचा. बांगड्यांचं उत्तर तर तोंडपाठ होतं. पण जीभ हलेना. 'आपमतलबी' एवढं तिला ऐकू आलं, 'कृतघ्न'ही आलं, त्यापुढचं मात्र तिच्यापर्यंत पोहोचलं नाही.

"झोपली!" थोरली नर्सला म्हणाली. "बघ, बघ, तोंड उघडं टाकून झोपली ही! जनाची नाही मनाची तरी…"

मशीनवर अजून दोन तास दहा मिनिटं उरली होती, आणि परवा पुन्हा चार तास होते. थोरली बोलतच राहिली, पण नर्सने खिडकी लावायला घेतली तेव्हा तिने मोकळ्या हाताने खूण केली, जरा हळू लाव म्हणून.